रुमालातले शब्द

माझे वडील तलाठी होते. पोथ्यांचे एक बासन आणि दरसालचे पंचांग सोडले, तर घरात छापील अक्षर क्वचितच दृष्टीस पडे. परंतु सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या ज्या ज्या सजावर त्यांची नेमणूक होई, तेथे राहत्या घराच्या ओटीवरच त्यांचे दफ्तर मांडले जाई, आणि त्या दफ्तराभोवती सकाळपासून जमणाऱ्या खातेदारांच्या बोलण्यातून जे शब्द माझ्या कानांवर पडत, त्यांनी माझ्या बालमनाला घातलेली भुरळ आज सत्तरी ओलांडल्यावरही उतरलेली नाही. जिरायत, बागायत, कुरण, गायरान, तगाई, फेरफार, आणेवारी, पोटखराब. यांतल्या एकाचाही अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि तो ठाऊक नसल्याचे काही वाटतही नसे. ओटीच्या खांबाला टेकून मी ते शब्द स्वतःशीच पुटपुटत बसे आणि त्यांच्या नादानेच माझी तृप्ती होई.

एकदा मात्र 'पोटखराब' या शब्दाने मला अस्वस्थ केले. जमिनीला पोट कसले, आणि ते बिघडते म्हणजे काय होते, असे मी वडिलांना विचारले. ते मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी उत्तर दिले नाही, परंतु दुसऱ्या दिवशी पीकपाहणीला निघताना मला बरोबर घेतले. एका ज्वारीच्या रानात, चहूकडे कणसे डोलत असताना, मधोमध काळ्या कातळाचा एक उघडा पट्टा होता. त्यावर बाभळीचे एक झुडूप आणि गोळा करून टाकलेले दगडगोटे, एवढेच. "येथे नांगर चालत नाही, म्हणून सरकार यावर आकार बसवत नाही. हा नंबराच्या पोटातला खराबा," असे सांगून त्यांनी पाहणीपत्रकात नोंद केली आणि ते पुढे चालू लागले. त्या कातळावर मी बराच वेळ उभा राहिलो. शब्दाला पाय ठेवायला जागा असते, त्याच्या आधाराने कोणाचा तरी सारा कमी-जास्त होतो, हे त्या वयात मला शब्दांत सांगता आले नसते. पण त्या दिवसापासून नुसत्या नादावर माझे समाधान होईना, एवढे खरे.

शाळेच्या कपाटात मोल्सवर्थचा कोश होता. त्याचे पुठ्ठे सुटलेले होते आणि पहिली काही पाने गहाळ होती, तरी आमच्या मराठीच्या गुरुजींनी तो सुट्टीत घरी नेण्याची मला अनुज्ञा दिली, आणि त्या उन्हाळ्यात मी दुसरे काही वाचले नाही. १८३१ साली प्रथम सिद्ध झालेला आणि १८५७ साली सुधारून वाढवलेला हा कोश एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एतद्देशीय शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने रचला, ही माहिती मला पुढे मिळाली. त्या वेळी मला एवढेच दिसले की आमच्या ओटीवरचे शब्द, चावडीतले शब्द, आजीच्या तोंडचे आणि कुणब्याच्या तोंडचे शब्द या थोर ग्रंथात संस्कृत शब्दांच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत आणि कोणीही त्यांना उठवलेले नाही. इंग्रजी अर्थ मला निम्मेअधिक कळत नसत. परंतु शब्द तेथे आहे की नाही, हे पाहण्यातच माझे दिवस जात, आणि तो सापडला की ओळखीचे माणूस परगावी भेटल्याचा आनंद होई.

महाविद्यालयात गेल्यावर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोश हाती आला, आणि माझ्या आयुष्याला जे वळण लागले ते या कोशाने लागले. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले, आणि १९५० साली पुरवणी निघाली. महाराष्ट्राने वर्गणी जमवून, सरकारच्या तोंडाकडे फारसे न पाहता केलेल्या कामांत याची गणना होते. या कोशात पुष्कळ शब्दांपुढे तो कोठे आला आहे त्याचा आधार दिलेला आहे, आणि असे आधार पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की मला प्रिय असलेल्या दफ्तरी शब्दांपैकी कित्येकांचा माग इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या साधनखंडांकडे जातो. मी ते खंड मागवून वाचू लागलो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात पानिपतापर्यंतच्या दशकातला पत्रव्यवहार आहे. इतिहासाचा विद्यार्थी तेथे मोहिमा आणि मसलती शोधतो. मी शब्द शोधत होतो, आणि शोधता शोधता मला असे दिसले की कोशात एकेकटे उभे असलेले ते शब्द येथे कामाला लागलेले आहेत, धावपळीत आहेत, चिंतेत आहेत. कोणी रसदेसाठी लिहितो आहे, कोणी घोड्यांच्या चंदीसाठी, कोणी घरच्या माणसांची खुशाली विचारतो आहे. या छापील पानांच्या मागे हाताने लिहिलेला मोडी कागद आहे आणि तो वाचता आला पाहिजे, ही इच्छा तेथे उत्पन्न झाली व तिने मला पुन्हा सोडले नाही.

पुढे पुराभिलेखांच्या कामावर मला कारकुनाची जागा मिळाली. वेतन अल्प होते, आप्तेष्टांना ही नोकरी म्हणजे धूळ झाडण्याचे काम वाटे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. परंतु तेथे मला मोडी शिकवणारे एक वयोवृद्ध लिपिक भेटले. त्यांची शिकवण्याची रीत अशी की पहिले कित्येक आठवडे त्यांनी मला काहीही वाचू दिले नाही. बोरू, दौत आणि फुलस्केप कागद पुढे ठेवून ते म्हणत, "आधी हाताला वळण येऊ द्या, डोळ्यांना आपोआप येईल." मोडीत प्रथम पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिला टांगल्यासारखी अक्षरे लिहीत जायचे, लेखणी होता होईल तो उचलायची नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही. काना खालून वर फिरून रेषेला मिळतो आणि त्या फिरण्यात मागच्या अक्षराचे रूपच पालटते. ज्याने स्वतः या गतीने लिहिले नाही त्याला अक्षर कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे केवळ पाहून उमगत नाही. मी लिहीत राहिलो, आणि एके दिवशी समोरच्या जुन्या कागदावरची ओळ कोणीतरी मोठ्याने म्हणत असावे तशी मला वाचता येऊ लागली.

वाचकाला या कागदांची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात, आणि रुमाल हीच तेथली मोजण्याची भाषा आहे. कोणी किती पृष्ठे वाचली हे विचारत नाही, किती रुमाल पाहिले हे विचारतात. गाठ सोडली की जुन्या हातकागदाचा आणि धुळीचा एक उग्र वास येतो. लांबट, अरुंद कागदांना बंद म्हणतात, आणि मजकूर लांबला की एका बंदाच्या टोकाला दुसरा चिकटवून जोड दिलेली असते. काजळीची शाई दोन-अडीचशे वर्षांनंतरही काळी कुळकुळीत राहिलेली असते, तिच्यापुढे आपल्या टाकाची निळी शाई पन्नास वर्षांत फिकी पडते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत याच दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ते काम डोंगराएवढे खरे, परंतु ज्या राशीतून ते वेचले गेले तिच्यासमोर उभे राहिले म्हणजे केवढे वाचायचे उरले आहे याची जाणीव होते.

मजकुराआधी तारीख वाचता आली पाहिजे. दफ्तरी कागदावर बहुधा शुहूर सन असतो, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा, आणि त्याचा आकडा अरबी संख्यावाचकांत, एकं-दहं-शतं अशा क्रमाने लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१; त्यात ५९९ मिळवले की १७६० चा जून येतो आणि तेथून पुढचे वर्ष, म्हणजे पानिपताचे वर्ष. मी हा सन प्रथम एका अगदी साध्या कागदावर वाचला, ज्यात युद्धाचा उल्लेखही नव्हता. कोणा गावच्या पाटलाने अवर्षणामुळे वसुलात सूट मागितली होती. सदाशिवरावभाऊ उत्तरेत असताना या गावी पाऊस पडला नव्हता. नंतर येतात संक्षेप: गुजारत, निसबत, दिमत, बाबत, मौजे हे शब्द पूर्ण कोणी लिहीत नाही, पहिले अक्षर आणि पुढे एक-दोन उभ्या रेघा, झाले. ही खूण कोणत्या शब्दाची, हे आजूबाजूच्या व्यवहारावरून ठरवावे लागते, आणि त्यासाठी व्यवहार ठाऊक असावा लागतो. तेरीज कशी मांडतात, ऐनजिनसी वसूल नख्तात कसा फिरवतात, झडती कोण देतो, हे ज्याला माहीत नाही त्याला मोडी अक्षरे येत असूनही कागद वाचता येत नाही. मला वडिलांच्या ओटीचा उपयोग येथे झाला.

माझ्या हाताखालून गेलेल्या कागदांत महजर मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटत आले आहेत. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा तंटा पडला की गोतसभा बसे, उभयपक्षांच्या तकरिरा घेतल्या जात, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत लागलेल्या कलहाचा एक महजर माझ्या विशेष स्मरणात आहे. वरच्या भागात थोरल्याचे म्हणणे, मग धाकट्याचे, त्यात आलेली रागाची आणि लाघवाची वाक्ये कुलकर्ण्याने जशीच्या तशी उतरलेली, "मोटेस बैल माझा, नाडा माझा, आणि पाणी मात्र याचे कसे" अशा धर्तीची. शेवटी पाळीचा ठराव. त्याखाली साक्षीदार. ज्यांना लिहिता येत होते त्यांचे 'दस्तुर खुद्द'. ज्यांना येत नव्हते त्यांच्या नावांपुढे निशाण्या. पाटलाने नांगर काढलेला, न्हाव्याने आरसा, वाण्याने तराजू, लोहाराने हातोडा. नांगराचा फाळ बारकाईने, दोन वेळा रेघ ओढून टोकदार केलेला. आयुष्यभर ज्या हाताने नांगर धरला त्या हाताला लेखणी जड गेली असेल, पण आकृतीत चूक नाही. त्या सभेत बसलेल्या माणसांनी वर लिहिलेला शब्द न् शब्द वाचून दाखवल्यावर ऐकला असणार, आणि आपल्या हत्याराची शपथ घ्यावी तशा या निशाण्या केल्या असणार. त्यांच्या दृष्टीने तो शब्द म्हणजे पुढल्या पिढीच्या रानात येणारे पाणी होते.

शब्दांवरच्या प्रेमाने मी या कामात आलो, परंतु हे प्रेम या कामात धोक्याचे आहे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले. शब्दलोभी वाचकाला सुंदर शब्द दिसण्याची घाई असते. अस्पष्ट अक्षरांचा एक पुंजका दिसला की त्याला त्यात एखादे अपूर्व, कोशात नसलेले रूप दिसू लागते. आणि कागदावर असते नुसते 'बाकी' किंवा 'वजा'. जमाखर्चाच्या रुमालात सुंदर शब्द नसतात. तेथे तूप, गूळ, चंदी, तेल, शागीर्दपेशाची नेमणूक आणि कापडाचे गज असतात, आणि तेही याच निष्ठेने वाचायचे असतात. शिवाय आमच्या वाचनावर पुष्कळदा जिवंत माणसांचे हित अवलंबून असते. देवस्थानाच्या इनामाची सनद, वाटणीपत्र, फारखत घेऊन माणसे येतात. आपण केलेले लिप्यंतर न्यायालयात दाखल होते. एका अक्षराने हिस्सा सरकतो. म्हणून आमच्या गुरूंनी घालून दिलेला नियम मी कधी मोडू दिला नाही: जे दिसते तेवढेच लिहायचे, फाटल्या किंवा कसरीने खाल्लेल्या जागी टिंबे द्यायची, तर्क करायचाच झाला तर कंसात आणि प्रश्नचिन्हासह, आणि कागद घेऊन आलेल्या माणसाला त्यातून काय निघावे असे वाटते हे वाचन पुरे होईपर्यंत ऐकायचे नाही. लोक मोडीचा विषय निघाला की नारायणरावाच्या वधाची आणि 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट हमखास विचारतात. ती चिठ्ठी कोणी पाहिलेली नाही, ती आख्यायिकेतच आहे. परंतु एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे समाजाने ज्या एका गोष्टीत जपून ठेवले, त्या गोष्टीबद्दल मला आदर वाटतो.

या कागदांतल्या फारसी शब्दांविषयी मला अनेकदा विचारले जाते, आणि त्यात विचारणाऱ्याचा पूर्वग्रह बहुधा आधीच प्रकट झालेला असतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दफ्तरातल्या फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. राजवाड्यांनी तीन पत्रांतले शब्द मोजून दाखवले, त्यांपैकी १६२८ च्या पत्रात फारसी शब्दांचे प्रमाण शेकडा पंचायशीच्या घरात आहे, तर १७२८ च्या पत्रात ते शेकडा सहा-सातावर उतरलेले आहे. स्वराज्याचा भाषेवर काय परिणाम होतो याचे यापेक्षा बोलके गणित नाही. परंतु मी आयुष्यभर वाचले ते बव्हंशी गावपातळीवरचे कागद, आणि तेथे जमीन, वसूल, हिशेब, शिल्लक, तक्रार, जामीन यांना कोणी परके मानलेले मला दिसले नाही. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश माझ्या मेजावर सदैव असे, आणि तो चाळताना मला पदोपदी जाणवे की या शब्दांनी येथल्या शेतकऱ्याच्या जिभेवर आपले मूळचे उच्चार टाकून दिले, मराठी प्रत्यय अंगीकारले आणि ते येथलेच झाले. राजमुद्रेवर संस्कृत शोभते. बांधावरच्या भांडणात जो शब्द तोंडी येतो त्यालाही मराठीत पूर्ण अधिकार आहे, असे मी मानतो.

हीच गोष्ट मला तंजावरास अधिक विस्ताराने पाहावयास मिळाली. तेथल्या भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या दरबारचे मोडी कागद आहेत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसलेवंशाचा दीर्घ शिलालेख मी प्रथम पाहिला, आणि त्याच्या भव्यतेने मन भारून गेले हे खरेच. तथापि माझा खरा आनंद ग्रंथालयातल्या कागदांत होता. वळण आमच्याकडचेच, पण किंचित निराळ्या झोकाचे. वाक्य मराठी, आणि त्यात तमिळ मापे, तमिळ पदार्थ व सणवार मराठी विभक्ती लावून सुखाने नांदत असलेले. तेथले मोडी जाणणारे एक वृद्ध सद्गृहस्थ माझ्याशी त्यांच्या तंजावरी मराठीत बोलत. त्यांच्या बोलण्यातली कित्येक रूपे मी केवळ कागदावर पाहिली होती, ती मी पहिल्यानेच कानांनी ऐकली. त्या दिवशी दफ्तर आणि ओटी माझ्यासाठी एका जागी आली.

निवृत्तीनंतर मला वाटले होते की ही विद्या आता आम्हा चार-दोन म्हाताऱ्यांबरोबर जाईल. शाळांतून मोडी केव्हाच गेली होती, छपाईला ती गैरसोयीची म्हणून सरकारी व्यवहारातूनही बालबोधीने तिची जागा घेतली होती, आणि पोटापाण्यासाठी ती शिकावी असे काही उरले नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि गावोगावची जुनी दफ्तरे उघडली जाऊ लागताच मोडी वाचणाऱ्यांचा सर्वत्र शोध सुरू झाला. त्या सुमारास माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. त्यांत इतिहासाचे विद्यार्थी थोडे, आणि आपल्याच आजोबा-पणजोबांचे नाव शोधणारे अधिक. मला हे आवडले. पोटाची गरज विद्येला जिवंत ठेवत असेल तर त्यात उणेपण काय आहे? त्यांच्याकडून मी एकच गोष्ट कटाक्षाने करवून घेतो: हवी असलेली नोंद सापडली तरी तेथे थांबू द्यायचे नाही, सबंध बंद शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून घ्यायचा. एका मुलीने असे वाचताना आपल्या गावच्या ओढ्याचे, आता कोणाच्याच तोंडी नसलेले जुने नाव शोधून काढले आणि मग तिला नोंदीचे भान उरले नाही. ती त्या ओढ्याचे शेजारी, त्यावरचा बांध, त्याचे पाट हेच विचारत बसली. तिच्यात मला फार आशा वाटते.

शब्दांची माझी जुनी वहीदेखील अद्याप चालू आहे. दाते-कर्व्यांच्या कोशात न मिळालेले, किंवा तेथे दिलेल्या अर्थाहून निराळ्या अर्थाने आलेले जे शब्द गावच्या कागदांत सापडत गेले, ते मी गाव, शुहूर सन आणि संदर्भाच्या पूर्ण वाक्यासह उतरून ठेवत आलो. वाक्यावाचून शब्द घ्यायचा नाही, हा नेम पहिल्यापासून पाळला. पुढे कोणी कोशाची पुरवणी करील त्याच्या उपयोगी पडावी अशी तिची शुद्ध प्रत आता करतो आहे, आणि सध्या प-वर्ग हाती आहे.

ज्यांच्या घरी माळ्यावर वा पेटीत जुने मोडी कागद असतील त्यांना माझी विनंती आहे. पितरांचे म्हणून ते नदीत सोडू नयेत, रद्दीत घालू नयेत. त्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद करू नये; चिकटपट्टीचा डिंक शाई खातो आणि आवरणातला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. उन्हात वाळवू नयेत, घड्या एकदम ताणून उलगडू नयेत. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत, आणि आपल्या जिल्ह्यात मोडी जाणणारे कोणी असल्यास प्रथम त्याला दाखवावेत. त्यांत सनदा असतीलच असे नाही. बहुधा उसनवारीची याद, बैल विकल्याची पावती किंवा माहेरी गेलेल्या सुनेला लिहिलेले पत्र असेल. तेही वाचून घ्यावे.